झाडून ठेवलेलं खोपट

१

विल्बर लोखंडी चुलीसमोर बसलेला सापडला. पाठ भिंतीला, गुडघे पोटाशी, दोन्ही हात काखेत. लिओनाने दारातूनच हाक मारली, "विल्बर, ऊठ रे बाबा, आलो आम्ही," आणि हाक पुरी व्हायच्या आतच तिला कळलं की हा माणूस कालच गेलेला आहे.

तुपकाक आणि सिनूरक या दोन गावांमध्ये पंच्याहत्तर मैल नुसता बर्फ आहे. झाड औषधालाही नाही. बरोबर मधोमध हे आसऱ्याचं खोपट. त्याला कुलूप नाही, कधी नव्हतंच. वादळात सापडलेल्याने यावं, चूल पेटवावी, जीव वाचवावा आणि निघताना पुढच्यासाठी सगळं जागच्या जागी ठेवून जावं, एवढाच नियम. बुधवारी वादळ उठलं तेव्हा विल्बर सीलचं तेल आणि सुकी मासळी घेऊन सिनूरकला लेकीकडे निघाला होता. वाटेत त्याची बर्फगाडी बंद पडली, पण पाच मैल चालत तो खोपटापर्यंत पोचला. खोपटापर्यंत पोचलेला माणूस वाचतो. आजवर तरी वाचत आला होता.

भिंतीलगतची लाकडाची रास नव्हती. जानेवारीच्या शेवटी लिओनाने ती स्वतःच्या डोळ्यांनी छपराला टेकलेली पाहिली होती. कुऱ्हाडही जागेवर नव्हती. चुलीच्या राखेत फक्त एक वेटोळी तार पडली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याने नाव लिहायची वही विल्बरने पान पान करून जाळली होती, तिची ती तार. त्यानंतर त्याने बाकाची फळी नुसत्या हातांनी उचकटायचा प्रयत्न केला होता. त्याची नखं तुटली होती.

बावीस वर्षं लिओना तुपकाकच्या शोधपथकाची प्रमुख होती. अस्वलाने फाडलेली माणसं तिने पाहिली होती, बर्फाखालून काढलेली पाहिली होती. पण लाकूड चोरून मारलेला माणूस ती पहिल्यांदाच पाहत होती.

"देवा, देवा," मागून एनॉक आत आला. चर्चमधला सगळ्यात वडीलधारा माणूस, पथकातला तिचा उजवा हात. "बिचारा! लिओना, वारा पुन्हा उठतोय. माझ्या गाडीमागच्या स्लेजवर लाकडाची मोळी आहे. आधी चूल पेटवू, मग बघू."

त्या मोळीवरच त्यांनी चार तास वारा पडायची वाट पाहिली. विल्बरवर कांबळं टाकलं होतं.

"तुझ्यासारखा एक माणूस प्रत्येक गावात हवा, एनॉक," लिओना म्हणाली.

एनॉकने मान खाली घातली. जमीन चाटूनपुसून काढल्यासारखी स्वच्छ होती, लाकडाचा एक कणसुद्धा दिसत नव्हता.

२

मंगळवारपर्यंत गावाने निकाल लावून टाकला होता. चोर कोण? तर रॉयस. दुसरं कोण असणार? वादळाआधी सिनूरकहून येताना त्याने स्लेजवर ताडपत्रीखाली काहीतरी झाकून आणलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी या पोराने शाळेमागचं पेट्रोलचं पिंप पळवलं होतं. पकडला गेला, शिक्षा भोगली, लग्न केलं, आता बायकोला सातवा महिना होता. पण गावाची आठवण मोठी चिवट. एकदा चोर म्हटलं की त्याच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक दिसलं तरी लोक विचारतात, कुठून उचललंस?

पोलिसाचं विमान धुक्यामुळे बुधवारशिवाय उतरणार नव्हतं. पंचायत मात्र थांबायला तयार नव्हती. मंगळवारी चार वाजता बैठक आणि रॉयसला कायमचं गावाबाहेर काढायचा ठराव. उद्या सकाळी सामान बांध आणि सिनूरकची वाट धर.

सकाळी त्याची बायको ट्रीना लिओनाच्या दारात येऊन उभी राहिली. जाड कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती.

"आत्या, तुम्ही तरी काही बोला. त्याने नाही केलं."

"तुला कसं माहीत?"

"खोटं बोलायला लागला की तो कान खाजवतो. ह्या वेळी खाजवला नाही."

"पंचायतीपुढे हेच सांगू का मी? कान खाजवला नाही म्हणून?"

"सांगा ना! त्यांच्याकडे तरी याहून मोठा पुरावा कुठाय?"

पोरगी बरोबर बोलत होती. पायाशी लिओनाचा कुत्रा कण्हत होता, कालपासून लंगडत होता तो. तिने त्याचा पंजा उचलून पाहिला. बोटांच्या बेचक्यात लोखंडाचा तुकडा रुतला होता. चिमट्याने ओढून काढला तर खिळा. चौकोनी, जाड, काळा पडलेला.

"गावभर उकिरडे हुंगत फिरतोस, मग हे असं होतं," ती कुत्र्याला म्हणाली. खिळा तिने चहाच्या रिकाम्या डब्यात टाकला आणि ट्रीनाला म्हणाली, "चल, दाखव तुझा न खाजवणारा नवरा."

३

रॉयस घरामागे एका जुन्या धुण्याच्या यंत्राचे पाय बसवत होता.

"हेच का ते? ताडपत्रीखाली झाकून आणलंस ते?"

"हेच. सासूने दिलं. मी सगळ्यांना दाखवलं, आत्या. सरपंच हर्बर्टमामा काय म्हणाले माहितीये? म्हणे, धुण्याच्या यंत्राच्या पोटात लाकडं मावतात."

"मावतात का?"

"मावली तरी चार! तिथे अख्खी भिंत होती!" त्याने पाना खाली आपटला. "म्हणजे तुम्हीही त्यांच्यातल्याच."

"मी कोणातली ते चार वाजता ठरेल. नीट सांग. खोपटात थांबलास?"

"थांबलो. गुरुवारी, वादळाच्या आधीच्या आठवड्यात. चहा केला, दोन फळ्या जाळल्या, निघालो. रास तशीच होती, छपरापर्यंत."

"आत काय दिसलं?"

"घाण. तो शाळेतला मास्तर माझ्याआधी येऊन गेला होता ना! चुलीपुढे नूडल्सची दोन पाकिटं, कांद्याची टरफलं."

"मग झाडून काढलंस?"

रॉयस ओशाळला. "खोटं कशाला बोलू? पायाने बाकाखाली सारलं."

"शाब्बास. आईने शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं की. पण घाण मास्तराने करायची आणि झाडू मी मारायचा?"

त्याचा हात कानाकडे गेला नाही. लिओनाने ते पाहिलं आणि स्वतःवरच चिडली. कानावरून न्याय करायला ती ट्रीना नव्हती.

"तुझ्यानंतर त्या वाटेने कोण आलं?"

"एनॉकमामा. शनिवारी, सिनूरकच्या चर्चहून. पण ते थांबलेच नाहीत म्हणाले. सरळ आले."

"त्यांच्या स्लेजवर काय होतं?"

"मला काय माहीत? त्यांच्या स्लेजवरची ताडपत्री कोण उचलून बघतो? ती माझीच बघायची असते."

४

शाळेतला मास्तर ग्रेडी दक्षिणेकडून आलेला. दोन वर्षं झाली, अजून त्याला थंडीचं कौतुक होतं. जाईल तिथे फोटो काढायचा. लिओनाने दार वाजवलं तेव्हा तो भेदरला.

"मी घाण करून आलो हे खरं आहे," तो आपणहून म्हणाला. "मला माहीत नव्हतं की झाडायचं असतं. मला वाटलं, कोणी माणूस ठेवलेला असेल."

"माणूस? चाळीस मैलांवर?"

"आता कळलं. फार लाज वाटते."

"वाटू दे. लाज चांगली असते, पोटातून गरम ठेवते. फोटो आहेत?"

फोटो होते, पंचवीस होते. हसणारा मास्तर, नूडल्स खाणारा मास्तर, कुऱ्हाड खांद्यावर घेतलेला मास्तर. त्याच्यामागे भिंतभर फळ्या रचलेल्या. लिओनाने फोन डोळ्यांजवळ नेला.

"हे मोठं कर. फळीचं टोक."

ग्रेडीने बोटांनी फोटो ताणला. फळीच्या टोकातून एक खिळा बाहेर आला होता. काळा, जाड, चौकोनी.

यंदा खोपटासाठी वाहून आलेलं लाकूड मिळालंच नव्हतं. समुद्राने दिलं नाही. म्हणून पथकाने खोपटाच्याही पलीकडचं रेनडिअर पाळणाऱ्यांचं शंभर वर्षांचं जुनं ठाणं मोडलं आणि त्याच्या फळ्या सरळ खोपटात नेऊन रचल्या. खिळे उपटत बसायला कोणाला सवड होती? त्यातली एकही फळी गावात आली नव्हती.

मग तसला खिळा तिच्या कुत्र्याच्या पंजात कुठून आला?

"चहा घेणार?" ग्रेडीने विचारलं.

पण ती दाराबाहेर पडली होती.

५

इथे घराघरासमोर चुलीची राख वाटेवर पसरतात, म्हणजे बर्फावरून पाय घसरत नाही. लिओनाने आधी रॉयसच्या दारातली राख काठीने उकरली. राखेखेरीज एक बटण तेवढं निघालं.

मग ती एनॉकच्या वाटेवर गेली. त्याच्या घरामागे गावातलं सगळ्यात मोठं वाफघर होतं. रविवारी प्रार्थना झाली की आधी पुरुष, मग बायका तिथे बसायच्या. तापल्या दगडांवर पाणी पडायचं, अंगातली आठवड्याची थंडी निथळून जायची. वादळाच्या आधीच्या रविवारी तर सिनूरकच्या चर्चचे दहा पाहुणे विमानाने आले होते. काय वाफ होती त्या दिवशी! लिओना स्वतः वरच्या फळीवर बसली होती. "एनॉककडे येऊन माणूस पुन्हा जन्माला येतो," असं तीच म्हणाली होती, आणि बायका हसल्या होत्या.

वाफघराच्या दारातली राख तिने उकरली. पहिला खिळा निघाला, मग दुसरा. मग तिने काठी टाकली आणि हातमोज्यानेच राख चाळली. मूठभर निघाले. सगळे चौकोनी.

ती तिथेच वाकली आणि सकाळचा चहा बर्फावर ओकली. तिला आपल्या अंगाचीच किळस आली. त्या उबेने तिचे गुडघे मोकळे झाले होते, रात्री तिला छान झोप लागली होती, आणि ती ऊब विल्बरची होती. साबण लावून निघेल असं हे नव्हतं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. "कोण आहे? लिओना? बरं नाही वाटत का?" एनॉकचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "आत ये, गरम सूप आहे."

"नको," ती तोंड पुसत म्हणाली. "चार वाजले. चल, बैठकीला जाऊ."

६

पंचायतीच्या खोलीत तीसएक माणसं होती. रॉयस भिंतीला टेकून उभा होता, त्याला खुर्ची कोणी दिली नव्हती. सरपंच हर्बर्टने ठराव वाचायला घेतला.

"थांब," लिओना म्हणाली. "आधी मला तीन गोष्टी विचारायच्यात. ग्रेडी मास्तर, तू खोपट झाडलंस?"

"नाही," मास्तर पुटपुटला. कोणीतरी फिस्सकन हसलं.

"रॉयस, तू?"

"नाही. बाकाखाली सारलं."

"मग विल्बर सापडला तेव्हा खोपट आरशासारखं स्वच्छ कसं होतं? बाकाखाली मी स्वतः पाहिलं, एक टरफल नव्हतं. विल्बरने झाडलं? गोठलेल्या हातांनी? म्हणजे रॉयसनंतर तिथे कोणीतरी येऊन गेलं. लाकूड तर नेलंच, आणि जाताना जमीन झाडून गेलं. जुन्या वळणाचा माणूस. चोरी करतानासुद्धा ज्याच्या हाताला खोपट घाण टाकून निघणं जमलं नाही, असा."



"शुक्रवारी आम्ही शोधायला निघालो," ती पुढे म्हणाली. "खोपटात लाकूड आहे हे सगळ्या गावाला माहीत. मी दोर घेतला, कांबळी घेतली, औषध घेतलं. भरल्या कोठाराकडे जाताना शिदोरी कोण बांधतं? एनॉकने बांधली. लाकडाची मोळी. मी वेडी, त्याचं कौतुक केलं. आज चार दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. तिथे लाकूड नाही हे त्याला माहीत होतं."

"लिओना," हर्बर्ट दबक्या आवाजात म्हणाला, "बोलतेस काय तू? कोणाबद्दल बोलतेस?"

तिने मूठ टेबलावर उघडली. खिळे खणखणले.

"ठाण्याच्या फळ्यांचे खिळे. एनॉकच्या वाफघराच्या राखेतले. अजून हवे असतील तर जा, वाट भरून पडलेत."

सगळ्यांनी एनॉककडे पाहिलं.

"परत नेऊन टाकणारच होतो," तो टोपीची कड चाचपत म्हणाला. "पुढच्याच शनिवारी. माझी लाकडं बर्फाखाली गाडली गेली होती, उकरायला दोन दिवस लागले असते. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. मी वाफेचं कबूल केलं होतं. रिकामी स्लेज घेऊन खोपटावरून चाललो होतो. वाटलं, आठ दिवसांचा तर प्रश्न."

"आणि कुऱ्हाड?"

"मोठ्या फळ्या तोडायला घेतली. परत ठेवायची राहून गेली."

"आता कुठाय?"





"शुक्रवारी आल्यावर बर्फाच्या भेगेत टाकली."

"आणि बुधवारी वादळ उठलं तेव्हा? विल्बर त्या वाटेवर आहे हे ठाऊक होतं तुला. तेव्हाच का नाही सांगितलंस की खोपटात काही नाही? आम्ही वाऱ्यातच निघालो असतो."

"वाटलं, तो मागे फिरला असेल. देवाकडे मागत होतो तसं."

"देवाकडे मागत होतास!" लिओनाचा आवाज फाटला. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. तू माणूस जिवंत असतानाच खाल्लंस, आणि आम्हालाही वाढलंस. हे पोर भिंतीशी उभं होतं, त्याच्या ठरावावर तू सही करायला आला होतास!"

एनॉक रडायला लागला. आणि मग जे झालं ते लिओनाला चोरीपेक्षा ओंगळ वाटलं. लोक विरघळले. कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कोणी पाणी आणलं.

"झालं ते वाईटच झालं," हर्बर्ट घसा साफ करत म्हणाला. "पण त्याच्या मनात मारायचं नव्हतं. चूक झाली. शेवटी आपला माणूस आहे. उद्या पोलीस येईल, त्याला हे खिळेबिळे दाखवलेच पाहिजेत असं काही..."

"आणि रॉयस कोणाचा माणूस आहे?"

"रॉयसचा ठराव रद्द. झालं? सुटला तो."

"पोलिसाला मी सगळं सांगणार आहे, तुम्ही मला काढलंत तरी. पण ठराव रद्द नाही करायचा, हर्बर्ट. नुसतं नाव बदल. लाकूड नेणाऱ्याला गावाबाहेर काढायचं, हे तुम्हीच ठरवलं होतं ना? मग घ्या मतं. एनॉकला काढायचं, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. मघाशी रॉयसला काढायला हेच हात कसे शिवशिवत होते! लिओना एकेक चेहरा पाहत गेली. हा रविवारी वाफेत बसला होता. हीसुद्धा होती, पाठ चोळून घेत होती. सगळे तिथे बसले होते आणि आता सगळ्यांना ते माहीत होतं. मग तिच्या ध्यानात आलं की तिचा स्वतःचा हातही अजून मांडीवरच आहे. वरच्या फळीवर बसलेल्या बाईचा हात. तिला स्वतःची शिसारी आली. तिने तो उचलला. खोलीत तो एकटाच वर होता.

"रॉयस," ती म्हणाली, "तुझं मतही धरलं जाईल. दे."

रॉयस भिंतीपासून सरकला. ट्रीनाने त्याची बाही धरली होती, ती त्याने हळूच सोडवली.

"मी नाही देणार, आत्या."

"का? ह्याची दया येते तुला?"

"दया कसली! थुंकणार नाही मी त्याच्यावर." त्याने एनॉककडे पाहिलंही नाही. "पण ह्याला काढलं तर हा उद्या सिनूरकच्या वाटेने जाणार. मला काढलं असतंत तर मीसुद्धा त्याच वाटेने गेलो असतो. हवा अजून धड नाही. विल्बरमामांना आणून आज चार दिवस झाले. चार दिवस तुम्ही सगळे चोर कोण, चोर कोण करताय. खोपटात एक फळी तरी कोणी नेऊन टाकली का?"

लिओनाने वर केलेला हात खाली घेतला. शोधपथकाची प्रमुख ती होती, आणि तिनेही टाकली नव्हती.

रॉयसने टोपी कानांवर ओढली. "माझ्याकडे समुद्राच्या जुन्या लाकडांची अर्धी रास आहे," तो म्हणाला. "उजेड आहे तोवर स्लेज भरायची असेल तर या."